सातवा हात

कुपवाडला मोटारी भरतो मी,
द्राक्षबागांचे जळके पंप.
रात्री शटर अर्धं ओढून
केसाहून बारीक तार घेतो.
शिलाई मशीनच्या चाकावर
आठ हजार वेढे.
पाच हजार नऊशेला सोनीहून फोन,
'झाली का मोटार?'
आकडा गेला.
परत एकपासून.

लाकूड तुनीचं, मिरजेचं.
तंबोऱ्याच्या दांडीतून उरलेला ओंडका
दस्तगीरभाईंनी ठोकून बघितला:
'भरीवच ठेवणार?
मग आवाज राहणार कुठं?'
मी चुंबक दाखवला.
हसले, लाखेची पुडी बांधून दिली.
'एक हात, एक दिवस.
सहाव्याला घाई करशील.'

केलीच.
वाळायला फॅन लावला,
तर चिलट येऊन बसलं कडेला
आणि बसलं ते बसलंच.
आठशेचा पॉलिशपेपर भिजवला,
बराच वेळ नुसता धरून उभा राहिलो.
सातवा हात त्याच्यावरूनच दिला.

आज तारा चढवल्या.
मला तीन कॉर्ड येतात,
त्यातला तिसरा खोटा.
भंगारातल्या अँपला जोडली.
आधी नुसती घूं.
ही ओळखतो मी, अर्थिंगची.
एक स्क्रू आवळला. गप्प.

मग सगळ्यात जाड तार
अंगठ्यानं सोडली,
खिळ्यांवर टांगलेल्या रिकाम्या स्टेटरांनी
काहीतरी परत दिलं.
पुन्हा सोडली.

शटरखालून कुणीतरी वाकलं,
आधी टॉर्च, मग टोपी:
'किती एच.पी.ची म्हणायची ही?'