सात फर्मे

मगदूमशेठ म्हणाले, प्रेम एकशे बारा पानांत बसलं पाहिजे.
सात फर्मे.
आठवा घेतला की कागद परवडत नाही
आणि बायकाही कंटाळतात.

मी तेव्हा उद्यमनगरात फाउंड्रीची बिलं लिहायचे.
ओतीव लोखंड, किलोचा दर, वजा घट.
रद्द चलनांच्या पाठकोऱ्या बाजूवर
पहिला नायक उभा केला: उंच, अबोल, पायलट.
विमान मी उजळाईवाडीवर लांबून पाहिलेलं,
तेही महिन्यातून एखादं.

शेवंता चौगुले हे नाव मुखपृष्ठावर चालणार नव्हतं.
शेठनीच पेन उघडून लिहिलं: मीनल राजे.
बारसं महाद्वार रोडला झालं,
घुगऱ्यांऐवजी दोन कप चहा.
गाव कुठलं घालू, मी विचारलं.
"महाबळेश्वर घाला, उटी घाला.
कोल्हापुरात कोण प्रेमात पडतंय?
हितं माणसं जेवत्यात."

मग तीस वर्षं माझ्या पुस्तकांत धुकं पडलं.
महाबळेश्वर मी पाहिलं नव्हतं.
ओतकाम झाल्यावर साचा निवताना धूर उठतो,
तो घेतला,
वास तेवढा वगळला.

एकोणिसाव्या पुस्तकावर घराला स्लॅब पडला.
विरहाचं होतं ते.
धाकटीच्या लग्नाला दोन विधुर डॉक्टर
आणि एक गैरसमज खर्ची पडले.
फाउंड्रीतल्या पोरी डबा खाताना मीनल राजेबद्दल बोलायच्या:
पुण्याची आहे म्हणे, घटस्फोटित, गाडी स्वतः चालवते.
मी भाकरी मोडत ऐकायचे.
मला ती आवडायला लागली होती.

पुस्तक चाललं हे शेठकडून कधी कळलं नाही,
ते कायम तोट्यात.
कळायचं लक्ष्मीपुरीत, दस्तगीर बाइंडरच्या दुकानी.
गारगोटीपासून गडहिंग्लजपर्यंतच्या वाचनालयांचे गठ्ठे
त्याच्याकडे यायचे.
"बाई, तुमचं हे तिसऱ्यांदा शिवतोय.
समास संपला. आता ओळीचं पहिलं अक्षर
सुईखाली जाणार."
गेलं तर गेलं, मी म्हणायचे,
त्यांना पाठ आहे.

पानांत सापडलेलं तो बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा:
एसटीचं तिकीट, केसाचा आकडा,
रॉकेलची पावती, बाळाच्या टोपीचा बंद.
आणि पान शहाण्णव, जिथं नायक परततो,
तिथं प्रत्येक प्रतीवर हळदीचा अंगठा.
एकदा डबा माझ्यापुढं सरकवून म्हणाला,
"वाचणाऱ्यांचे हात असे.
मग तुमच्या पुस्तकात कुणीच कसं भाजी निवडत नाही?"

त्या रात्री मी चलनं उलटी केलीच नाहीत.
बिलाच्या बाजूलाच लिहायला लागले,
दर आणि घट यांच्या मधल्या जागेत.
रंकाळ्यावर कठड्याला टेकून उभी बिलवाली बाई.
नायकाच्या नखांत खळ.
तो उंच नव्हता. अबोल तर मुळीच नाही.
भांडण कशावरून, तर उधारीवरून.
एकशे अठ्ठावीस पानं झाली.

शेठनी वाचून परत केलं. "हे कोण घेणार?"
पदरचे पैसे घालून दोनशे काढली,
नाव शेवंता चौगुले.
एक्केचाळीस खपली, त्यातली सात धाकटीनं.

एक प्रत दस्तगीरनं नेली.
फाटायच्या आधीच कापडी बांधणी केली,
असं तो कुणाचं करत नाही.
म्हणाला, "आठवा फर्मा छापखान्यात चुकीचा घडी झालाय.
भेट आधी आलीय, भांडण मागनं."
मी म्हटलं, उसवून सरळ करा की.
त्यानं दोऱ्याला मेण लावलं, सुई उजेडात धरली,
डोळा सापडायला वेळ लागला.
"ऱ्हाऊ दे," म्हणाला.
"दोनदा वाचलं मी. बरोबर लागतंय."

मीनल राजेचं शहाऐंशीवं पुस्तक टेबलावर आहे.
पान पंच्याण्णव. बाहेर धुकं.
शेठच्या नातवाचा फोन येतो, कधी देताय.
देते, म्हणते.
नायिका बंगल्याच्या पायरीवर बसलीय
आणि मी तिच्या मांडीत
मेथीची जुडी ठेवलीय.