इतर, तपशील द्यावा

शैक्षणिक पात्रतेला पाच चौकोन:
एमबीबीएस, एमडी, नर्सिंग, संख्याशास्त्र,
आणि तळाशी, पानाच्या काठाला लटकलेला,
इतर, तपशील द्यावा.
तपशिलाला जागा दीड इंच.

एलएलबी. कामगार न्यायालय, नऊ वर्षं.
एवढ्यातच रेघ भरते.
काळा कोट डांबराच्या गोळ्यांत,
माझी खुर्ची सिव्हिलच्या मागच्या खोलीत,
करार अकरा महिन्यांचा,
दरवर्षी तुटतो, दरवर्षी सांधतात.
नाना लूमवर असाच सांधायचे धागा,
चहाबद्दल बोलता बोलता, न बघता.

कोर्टातले म्हणतात, गेली दवाखान्यात.
दवाखान्यातले म्हणतात, वकीलबाई आल्या, जपून बोला.
बिराजदार सर मनानं चांगले.
म्हणतात, पहिलं नाव तुमचं असलेला एक पेपर काढा,
चाळिशीनंतर ही शिष्यवृत्ती मिळत नाही.
मला एकोणचाळीस पूर्ण, वर पाच महिने.

दोन वर्षांत मी काय केलं?
एक वाक्य.
विडी वळणाऱ्या बायकांच्या फुफ्फुसांचा अभ्यास,
संमतीपत्र तीन पानी, कलम नऊ:
सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर, कारण न देता,
सहभाग मागे घेण्याचा अधिकार राहील.
मी त्याचं केलं:
नको वाटलं तर उठून जा, कुणी अडवणार नाही.
तेलुगूत करून आईला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, खरंच?
म्हणून "खरंच" घातलं. खरंच कुणी अडवणार नाही.

विडी घरकुलातलं शिबिर, मे महिना, पत्र्याखाली.
नरसव्वा येमूल सूप घेऊनच आली होती,
रांगेत बसल्या बसल्या शंभर वळून झाल्या.
नळीत एकदा फुंकलं.
दुसऱ्यांदा ओठ लावले आणि थांबली.
नको वाटतंय, म्हणाली.
सूप उचललं, पदरावरचा जर्दा झटकला,
गेली.

दोनशे बाराच्या दोनशे अकरा झाल्या.
सरांनी पेनाला टोपण लावलं, बोलले काही नाहीत.
मी तक्त्यात लिहिलं, माघार.
कारणाचा रकाना कोरा ठेवला
आणि आत कुठेतरी
निकाल आपल्या बाजूनं लागल्यासारखं झालं.
नऊ वर्षांत माझ्या एकाही अशिलाला
असं उठून जाता आलं नव्हतं.

हे दीड इंचात बसत नाही.
पेपरात तर नाहीच, तिथं मी आभारांत,
सातव्या ओळीत, आडनाव चुकवून.

अर्जाची मुदत पाचपर्यंत. पावणेपाच झालेत.
पाच्छा पेठेत लाइट गेली,
लूम एकदम गप्प, आणि गल्लीतलं सगळं ऐकू यायला लागलं,
कुणाची तरी खोकल्याची उबळसुद्धा.
मोबाइल चौदा टक्के.
शेवटचा प्रश्न: पुढील पाच वर्षांत
आपण स्वतःला कुठे पाहता?

नरसव्वा उठून गेली त्या खुर्चीशेजारी, लिहिते.
शक्यतो पगारी.