सात नंबर

एकोणीस वर्षं मी त्याच्याशी बोलले,
बहुतेक रात्रीचीच,
आणि त्यातली पहिली सहा वर्षं
त्याचे डोळे निळे की करडे, हेही मला ठाऊक नव्हतं.

माझ्यापुढे नकाशा, गार कॉफी, लाल दिवा.
त्याच्यापुढे रस्ता, बर्फ,
आणि डावीकडे कुठेतरी सुपीरियर सरोवर,
दिसत नसलं तरी असलेलं.
"सात नंबर, कुठे आहेस?"
माझा श्वास संपायच्या आत उत्तर यायचं.
बाकीचे सँडविच गिळून मग बोलत,
काही रुसून.
आर्विड केस्किटालो नाही.

कारण फार उशिरा कळलं,
शेरिफच्या निरोपाच्या जेवणात,
तेही त्याच्याकडून नाही, एल्माकडून:
व्हिएतनाममध्ये रेडिओ त्याच्या पाठीवर असे.
प्लेकूच्या पलीकडे एका टेकडीवरून
तो पहाटेपर्यंत एकच खूण पुकारत राहिला,
समोरून नुसती खरखर.
"अजून घाबरतो तो खरखरीला," एल्मा म्हणाली
आणि बटाट्यांचं भांडं माझ्याकडे सरकवलं.

एकतीस वर्षांत पिस्तूल चारदा बाहेर काढलं.
झाडलं एकदाच,
ओंडक्यांच्या ट्रकखाली कंबर मोडलेल्या हरणीवर.
त्याचाही अहवाल दोन पानी.
कोठडीत टाकलेले दारुडेसुद्धा त्याला
नावानं हाक मारत.
कुणी गेल्याची बातमी घेऊन जाताना
तो वळणावरच गाडीवरचा दिवा विझवायचा,
उगाच शेजारच्या खिडक्या जाग्या नकोत;
आणि टोपी दारात नाही, गाडीतच काढायचा.

एकदाच गप्प झाला.
फेब्रुवारी. बंद पडलेल्या खाणीजवळचं कोठार,
आत कुवेतहून परतलेला एक पोरगा
आणि बापाची बंदूक.
"सात नंबर?"
"सात नंबर?"
अकरा मिनिटं.
मी भिंतीवरचा काटा नजरेनं ढकलत होते.
दोन गाड्या पाठवल्या, त्यातली एक घसरून चरात.
मग आवाज:
"सात. आम्ही दोघं बाहेर येतोय.
भोंगे नकोत.
याच्याकडे हातमोजे नाहीत, कुणाकडे जास्तीचे असतील तर बघ."

दुसऱ्या सकाळी तो माझ्या खोलीच्या दारात उभा,
बुटांवरचं बर्फ फरशीवर वितळत होतं.
"माफ कर. त्या पोराला रेडिओ सहन होईना,
बंद करावा लागला."
मग बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला,
जणू तिथे काही नवीन गाव वसलं होतं.
डोळे करडे.

आता सात नंबर एका नव्या मुलीकडे आहे.
चांगली आहे, पण उत्तराला वेळ लावते,
आणि तेवढ्यात माझा हात उगाच टेबलाची कड धरतो.
एल्मा सांगते, स्वयंपाकघरात तो अजून
पोलिसांची लहर लावून ठेवतो, अगदी हळू.
मी "सात" म्हटलं की
बशी विसळता विसळता
नळाकडे बघून मान हलवतो.