जशी आहे तशी

कळमन्याच्या मागे, बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात
ती उभी आहे. उभी म्हणजे, टेकलेली.
टायर आता टायर राहिले नाहीत,
खाली विटा, आणि विटांमधून उगवलेला एक एरंड
थेट बोनेटपर्यंत पोचलेला.

मी आधी चाकं पाहतो, मग चेहरा.
चेहऱ्याला भुलणारा माणूस
या धंद्यात दोन वर्षं टिकत नाही.

लिहून घेतो.
इंजिन जाम.
पंप पितळी, शाबूत. शिडी सागवानी, एक पायरी गायब.
होजच्या पेटीत उंदरांचं घर, कापसाचं,
अजून मऊ.
घंटा नाही. घंटेच्या जागी फक्त एक गोल
खराखुरा लाल,
बाकीचा लाल उन्हानं चाटून चाटून
विटेच्या रंगावर आणलेला.
चेसिस नंबर मातीखाली होता. नखानं खरवडला,
कागदाशी जुळला. तिथं मनातल्या मनात
चाळीस हजार वाढवले
आणि चेहरा सुतकी ठेवला.

बैदांचा नातू सावलीतून ओरडतो,
"काका, रंग मारून देऊ का? दोन दिवसांत
नवरी करतो तिला!"
नको रे बाबा.
तुझ्या दोन डब्यांत अर्धी किंमत बुडेल.
पुण्याचं गिऱ्हाईक गंजाचेच पैसे मोजणार आहे,
पण हे तुला आत्ताच सांगितलं
तर गंजाचाही भाव वाढवशील.

"हिनं विझवली नाही अशी आग नाही," तो म्हणतो.
असेल. विकायला काढलेली प्रत्येक गोष्ट
एकदा तरी शूर असतेच.
मग त्याचा फोन वाजतो, तो आत जातो.

चौकीदार मौंदेकर जवळ येतो.
डोक्याला दुपट्टा, खिशात उन्हासाठी कांदा.
"खरं सांगू का सायेब?
ज्या राती गाठींले आग लागली ना,
त्या राती हे सुरूच नाही झाली.
हँडल मारून मारून माह्या बापाचा खांदा उतरला.
तीनशे गाठी. चार दिवस धूर.
कापूस आतून जळते सायेब, वरून पांढराच दिसते.
मोठ्या शेठनं मंग हिले ना इकली, ना दुरुस्त केली.
रोज खुर्ची टाकून समोर बसे.
शिव्या नाही, काही नाही. नुसता पाहे."

माझ्या फॉर्मात घसाऱ्याला रकाना आहे,
सुट्या भागांना आहे, वाहतूक खर्चालाही आहे.
हे कुठं भरू?
वजा की अधिक?

केबिनमध्ये चढलो. स्टिअरिंग धरलं
आणि हात झटकन मागे घेतला.
मे महिना, सत्तेचाळीस डिग्री,
आगीची गाडीच ती, तिनंच मला भाजलं.
हसूही आलं, फोडही आला.
सीटखाली हँडल सापडलं.
मुठीपाशी फडकं गुंडाळलेलं, काळं, कडक,
आत एका माणसाच्या बोटांचे पाच खड्डे.
मी माझी बोटं ठेवून पाहिली नाहीत.
लिहिलं: हँडल, मूळचं, सोबत.

खाली उतरलो तर मौंदेकर विचारतो,
"भंगारात कितीची जाईन?"
किलोचा भाव सांगितला.
तो बोटांवर काहीतरी मोजत राहिला, बराच वेळ,
एवढं लोखंड नाही हिच्यात.

आकडा टाकला. तो इथं सांगत नाही,
ज्यानं फी दिली त्याचा तो.
नातवाला वाटेल फार, पुणेकराला वाटेल कमी,
म्हणजे बहुतेक बरोबर असावा.
खाली शेऱ्याच्या ओळीत,
फोड आलेल्या हातानं, जरा वाकडंच,

रंग देऊ नये.
घंटा शोधू नये.