पाणी निवतंय

कोकुराच्या बाजारामागे मुनाकाताचं दुकान आहे,
जुन्या पंख्यांचं, कॅमेऱ्यांचं, आणि एका निळ्या खोक्यात
‘बिघडलेलं, परत घेणार नाही’ असं लिहिलेल्या सगळ्याचं.
दर गुरुवारी गुडघ्यांवर बसून मी तो खोका उपसते.
दिवसभर लोकांच्या कानांतली यंत्रं दुरुस्त करते;
संध्याकाळी मला तीन सूर आणि एक खरखर एवढंच पुरतं.
तेवढ्यावरच तर चालायचे ते खेळ:
दोन सूर गायला, एक खाली खर्जात,
आणि खरखरीतून ढोल, लाटा, स्फोट, जे लागेल ते.

घरी दोन फडताळं आहेत.
वरच्यात कंपनीनं काढलेल्या तबकड्या,
कमरेचा कागदी पट्टा तसाच.
पट्टा फाटला की किंमत अर्धी,
हे माझा नवरासुद्धा शिकला होता, निघून जाण्याआधी.
त्यांच्यावर प्रत्येक चाल दोनदा फिरते
आणि मग हळूहळू मावळते,
जेवण झाल्यावर पाहुणे उठतात तशी, सभ्यपणे.
खेळात असं कधी होत नसे.
खेळात चाल थांबायची ती तुम्ही मेलात म्हणून,
नाहीतर पुढच्या दारात शिरलात म्हणून.

खालच्या फडताळात हौशी लोक.
सासेबोचा ओगुशी, दातांचा डॉक्टर,
बर्फाच्या गुहेची चाल अकॉर्डियनवर वाजवतो,
मध्येच चुकतो, आणि चूक तशीच ठेवतो.
एका बाईनं चाळीस मिनिटं न मावळणारी तबकडी केलीय,
मुखपृष्ठ रंगीत पेन्सिलीनं, प्रती एकूण तीस.
कंपनीच्या यादीत जिचं नाव ‘पार्श्वसंगीत ७’
तिला या बाईनं म्हटलंय ‘अजून उजेड आहे तोवर’.
मी आता तिला त्याच नावानं ओळखते.
कंपनीला रागवायचं तर रागवू दे.

मागच्या महिन्यात निळ्या खोक्यात एक कॅसेट मिळाली.
शंभर येन. लेबलवर पोराचं अक्षर:
‘तिसरा किल्ला. हात लावू नये.’

टीव्हीपुढे टेपरेकॉर्डर ठेवून भरलेली.
आम्ही सगळेच तसं करायचो:
नायकाला अशा कोपऱ्यात उभं करायचं
जिथं वटवाघळं पोचत नाहीत,
बटणांवरून बोटं काढायची, श्वास धरायचा.
चार वेळा त्याला जमत नाही.
एकदा वटवाघूळ पोचतंच. एकदा कुत्रा भुंकतो.
एकदा तो स्वतःच शिंकतो
आणि मोठ्या माणसासारखी शिवी घालतो.
पाचव्यांदा आतून बाईचा आवाज:
शुहेई, पाणी निवतंय.
तो, दात आवळून: शूऽऽ.
शुहेई!
मग सरकतं दार, पावलं,
आणि यंत्र बंद करायला तो विसरतो.

पुढची अकरा मिनिटं तिथं कुणी नाही.
चाल फिरतेय.
लांब कुठंतरी बादली आपटते, कुणीतरी हसतं,
एक स्कूटर येते, जाते.
किल्ल्यात नायक उभा, तलवार उपसून.
त्याला कुणी सांगितलेलं नाही
की पोरगं आंघोळीला गेलंय.

मुनाकाता म्हणाला, त्याच खेळाची कंपनीची तबकडी आलीय,
पट्ट्यासकट, आवाज नव्यानं घासूनपुसून.
घेतली. लावली. सुंदर आहे.
तिसरा किल्ला दोनदा फिरला आणि मावळला.

कॅसेट कुठल्या फडताळात ठेवायची ते अजून ठरत नाही,
म्हणून ती टेपरेकॉर्डरातच आहे.
रात्री जेवायला बसताना लावते,
थोडी पुढे सरकवून, अकरा मिनिटांच्या तोंडाशी.
पोरगं न्हाऊन परतायच्या आत फीत संपते,
खटका टक्‌कन वर उडतो,
आणि घास हातातच राहतो.