कडी

कुडचड्याच्या बाजारात एक दार होतं,
शाबलो च्यारीच्या हातचं,
निळ्यावर पिवळं: सांतान बार.
त्यातल्या शेवटच्या र ची शेपूट
खाली येता येता मध्येच आत वळायची,
कुणाला वाट दिल्यासारखी.

मी फोटो काढला.
पणजीच्या ऑफिसात त्या एका र वरून
अख्खी वर्णमाला उभी केली.
क्लायंटला म्हटलं, हे वळण बघा,
सगळा सुशेगादपणा इथंच आहे.
क्लायंट रडायचाच बाकी होता.

आता तो फेणीच्या बाटलीवर असतो,
सोनेरी, बोटाला लागेल असा,
विमानतळावर, अठराशे रुपयांना.

एक बाटली शाबलोला नेऊन दिली.
त्याने चष्मा पुसला, परत लावला,
नखाने प्रत्येक अक्षराची कंबर तपासली.
‘सगळींच वांकडीं कित्याक?’

मी वळणाबद्दल बोलत राहिले.
तो म्हणाला, तिथं दाराला कडी होती गो.
कडीला रंग लागला
की सांतान पैसे कापायचा.

मग त्याने फेणी
पाण्याच्या जुन्या प्लास्टिकच्या बाटलीत ओतली,
थेंब न सांडता.
काच राहू दे म्हणाला,
ब्रशांना होईल.