कानाला खडा

पडद्यावर मी दाखवलं एलिसेओला त्याच्या डाव्या कानाचं भुयार:
तीन बाजूंनी तीन उंचवटे, पांढरे, गुळगुळीत,
मधे उरलेली फट,
रस्त्याकडेच्या रानबडीशेपेचा दाणा जाईल न जाईल एवढी.

'हाड आहे,' म्हटलं. 'तुझंच.
थंड पाणी, वर वारा, वर्षानुवर्षं.
हाड धास्तावतं, आतून दार लोटायला लागतं.'
तो हसला. 'सदतीस वर्षं, डॉक्टर.
पहिला सूट तर उसना होता,
गुडघ्याला सायकलची ट्यूब चिकटवलेला.'

पिचिलेमूला जानेवारीच्या उन्हातही पाणी बोटं बधिर करतं.
एक लाट घेतली की तिचा घोटभर अंश
दोन दिवस याच्या कानात मुक्कामाला.
उशीवर डोकं आपटत झोपतो,
बायकोचं बोलणं ओठांवरून वाचतो,
अंधारात तेही नाही.

अरिकाच्या संग्रहालयात मी पाहिल्यात कवट्या,
हजारो वर्षांपूर्वी शिंपल्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांच्या.
कानाच्या भोकात हीच भिंत.
फळी नव्हती त्यांच्याकडे. भूक होती.

सोबत आई आली होती, एर्मिंदा,
पिशवी मांडीवर घट्ट धरून.
चाळीस वर्षं खडकांवरच्या समुद्रवेली कापल्या तिने,
कोयता दातांत, लाट डोक्यावरून.
गावात तिला हट्टी बहिरी म्हणतात.
सहज म्हणून तिच्याही कानात दिवा धरला.
उजवा पार बुजलेला.
डावा मुलाच्याहून अरुंद.

'मला वाटायचं,' ती म्हणाली,
'लोकच हल्ली हळू बोलतात.'

एलिसेओ भिंतीवरचा कानाचा तक्ता बघत राहिला.
लहानपणी तो तिच्या तोंडासमोर किंचाळायचा, म्हणे.
हे त्यानेच सांगितलं, नंतर,
भूल चढता चढता.

छिन्नी, छोटी हातोडी, दोन तास.
तीन तुकडे बाटलीत घालून दिले.
'सहा आठवडे पाण्याचं नाव नाही.'
पुन्हा त्या वाटेला जायचं नसलं की माणूस
कानाला खडा लावतो.
याच्या कानाला तो समुद्रानेच लावला होता
आणि मी काढून हातात दिला.
आता कुठल्या तोंडाने अडवू?

पाचव्या आठवड्यात तो मेणाचे बोळे घेऊन आला, विचारायला,
हे चालतील का.

एर्मिंदाची तारीख एप्रिलमधली.
तोवर वेली वाळवायच्यात, जुड्या बांधायच्यात.
दवाखान्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिलाय तिला.
काही लागलं तर फोन करा, असंही म्हणाले,
आणि म्हटल्यावर लक्षात आलं.
तिने मान डोलावली होती,
नेहमीसारखी, सगळ्यालाच.